पेंढ्याच्या गावात कडबाकुट्टी

आमच्याकडं कारखान्यात माणसाला लागतं, तेव्हा ते कारखान्यात लागत नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत ते माणूस जिन्यावरून पडलेलं असतं, गाडीवरून घसरलेलं असतं, नाहीतर घराच्या दारात त्याचं बोट सापडलेलं असतं. पिरंगुटपासून उरवड्यापर्यंत शेडाच शेडा आहेत, पण दवाखान्याचे कागद बघाल तर आमच्या भागात माणसं खातात ती दारं आणि जिने. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला जिना कुठून आला, हे कुणी विचारत नाही. डॉक्टर विचारत नाही, कारण त्याला घरी जायचं असतं. मालक विचारत नाही, कारण तो जिना त्यानंच बांधलेला असतो.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढं गावात शाळा नव्हती, आणि असती तरी मला कुणी पाठवलं नसतं. लिहिता-वाचता येतं. समोरचा माणूस मला मूर्ख समजून बोलायला लागला की तेही लगेच कळतं, आणि आयुष्यात जास्त उपयोग या दुसऱ्या विद्येचाच झाला.

आमची भाताची खाचरं होती. बरीचशी विकली. नवरा गेल्यावर राहिलेल्या जागेत मी खोल्या काढल्या आणि भाड्यानं दिल्या. मागं गोठा, त्यात एक म्हैस. माझ्या धाकट्या दिराच्या मुलानं, म्हणजे पुतण्यानं, शेजारच्या त्यांच्या वाट्यात शेड मारली आणि पत्रा कापायच्या, वाकवायच्या प्रेस बसवल्या. मोठ्या कंपनीच्या गाड्यांना लागणाऱ्या पट्ट्या तिथं तयार होतात. तेव्हापासून पुतण्या उद्योजक झाला. त्याच्या वाढदिवसाला चौकात फलक लागतो, त्यावर तो हाताची घडी घालून उभा असतो. शेडमध्ये मात्र त्याला हाताची घडी घातलेलं माणूस चालत नाही.

त्याच्याकडं सगळ्याचा विमा होता. शेडचा होता, मशिनचा होता, चारचाकीचा होता, मुलाच्या पाळलेल्या कुत्र्याचाही काढायचा म्हणत होता. माणसांचा नव्हता. कारखान्यात दहा माणसं झाली की सरकारी विमा लागू होतो आणि दर महिन्याला मालकाला वर्गणी भरावी लागते. म्हणून त्याच्या कागदावर माणसं कायम दहाच्या आत. जेवणाच्या सुट्टीत माझ्या ओट्यावर याच्या दुप्पट माणसं डबे उघडून बसायची. ही युक्ती त्याला एका सल्लागारानं शिकवली होती. हा सल्लागार पुण्याहून यायचा, त्याच्याकडं काळी बॅग होती, आणि असल्या वीस-पंचवीस शेडांचे कागद तो एकटा सांभाळायचा. सांभाळायचा म्हणजे खोटं बोलायची वेळ आली की सगळ्यांनी एकच खोटं बोलावं, एवढं बघायचा.

त्या प्रेसला दोन बटणं असतात. उजव्या हाताचं एक, डाव्या हाताचं एक. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड भाग खाली येतो. म्हणजे प्रेस खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, आत नसतात. शेंबड्या पोरालाही कळावं असं साधं काम आहे. पण एक हात मोकळा राहिला तर त्या हातानं पुढचा पत्रा लवकर सरकवता येतो आणि दिवसाचा माल जास्त निघतो. म्हणून शेडमध्ये एका बटणावर लाकडाची चकती ठेवून वर ट्यूबचं रबर बांधून टाकायचे. बटण कायमचं दाबलेलं. ज्यानं मशिन बनवलं त्यानं विचार केला होता, ज्यानं विकत घेतलं त्यानं त्या विचारावर रबर बांधलं.

माझ्या कोपऱ्यातल्या खोलीत नांदेडकडची एक बाई राहायची. नवऱ्यानं टाकलेली, सातवी शिकलेली, चाळिशीच्या आतली. पुतण्याच्या शेडमध्ये प्रेसवर होती. कामाला चलाख, बोलायला मऊ, आणि मऊ बोलणाऱ्या माणसांचं जे होतं तेच तिचं झालं होतं. सगळे तिला 'ताई, तेवढं करा ना' म्हणायचे आणि ती करायची. पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी तिचा उजवा हात आत असताना प्रेस खाली आली. चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

मी गोठ्यात होते. ओरडणं ऐकलं नाही, कारण बाई ओरडलीच नाही. सगळ्या प्रेस एकदम थांबल्या, ते ऐकलं. बाहेर आले तर पुतण्या तिला गाडीत घालत होता आणि सीटवर आधी गोणपाट टाका म्हणून ओरडत होता.

गाडीत काय झालं ते मला तिनंच नंतर सांगितलं. पुतण्यानं गाडी चालवता चालवता तिला सांगितलं, "ताई, मस्टरवर तुमचं नाव न्हाई. कारखान्यात झालं म्हनाला तर माजी शेड बंद हुईल आनि तुमालाबी काय मिळनार न्हाई. घरी झालं म्हना. दवाखान्याचा सगळा खर्च माजा, आनि हात बरा झाला की कायमचं काम. भैरवनाथाची शपथ."

घरी काय झालं म्हणून सांगायचं, हे त्याला सुचेना. चार बोटं एका रेषेत तुटलेली. जिना बोटं कापत नाही, दारही एवढं सरळ कापत नाही. तेव्हा या बाईनंच, हाताला ओढणी गुंडाळलेली असताना, त्याला सुचवलं, "कडबाकुट्टी म्हनू का?"

तिच्या गावाकडं ज्वारी. ज्वारीचा कडबा यंत्रात बारीक कापून जनावरांना घालायचा, आणि त्या यंत्रात तिकडच्या बायांची बोटं जातात. तिच्या चुलतीचं गेलं होतं. तिच्या दृष्टीनं बोटं जायची ती एकच रीत होती. पुतण्याला ते पटलं. वैरण म्हटली की गोठा आला, गोठा म्हटला की काकी, म्हणजे मी, आले. दवाखान्यात लिहिलं गेलं की घरमालकिणीच्या गोठ्यात कडबाकुट्टीत हात सापडला.

आता आमच्याकडचं सांगते. आमच्याकडं भात. भाताचा पेंढा. पेंढा कुणी कापत नाही. पेंढी सोडायची आणि जनावरापुढं टाकायची, एवढंच. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून कुणाच्या दारात कडबाकुट्टी बघितलेली नाही. पुतण्यानं तरी कुठं बघितली होती? त्याच गोठ्यात पेंढ्यात लोळून तो मोठा झाला. पण घाबरलेला माणूस आणि सुटायला बघणारा माणूस दोघंही दुसऱ्यानं दिलेलं खोटं बिनतपासता घेतात, आणि तो त्या दिवशी दोन्ही होता.

हे सगळं मला कुणी विचारलं नाही. कुणाची तरी बोटं माझ्या गोठ्यात पडली हे मला भाजीवाल्याकडून कळलं. तो म्हणाला, "आज्जी, तुमी मशीन कवा आनली?"

पुतण्यानं दवाखान्याचा खर्च केला, हे खरं आहे. हात भरून आला. मग बाई शेडवर गेली तर तो म्हणाला, "ताई, आता तुमीच सांगा, प्रेसवर तुमी काय करनार?" भैरवनाथाचं काय झालं ते देवाला माहीत. ती परत खोलीवर आली आणि ओट्यावर बसली. मी तिला म्हटलं, "शपथ दिली तेव्हा लिहून का नाही घेतलं?"

"मावशी, रगत चाललं होतं," ती म्हणाली.

मला तिचा रागच आला. रक्त चाललेलं असताना खोटं सुचतं, मग शहाणपण का सुचू नये?

पुढं तिच्याच बरोबर काम करणाऱ्या एकीनं तिला पुण्यातल्या एका वकीलबाईकडं नेलं. वकीलबाई एके दिवशी माझ्या दारात आली. चप्पल बाहेर काढून आली आणि चहा मागून घेतला, म्हणून मी तिला बसू दिलं. तिनं मला कायदा सांगितला. काम करताना आणि कामामुळं लागलं तर मालकानं भरपाई द्यायची. त्यात चूक कुणाची होती हे आधी विचारत बसत नाहीत. मस्टरवर नाव नसलं तरी माणूस कामाला होतं हे सिद्ध झालं की पुरे. विमा काढलेला असेल तर विमा कंपनी भरते, नसेल तर मालक स्वतःच्या खिशातून. आणि बाईमाणसाची एकरकमी भरपाई असेल तर ती कोर्टातच भरायची. परस्पर तिच्या हातात दिली, तर कायद्यानं ती दिलीच नाही असं धरतात.

"असं का?" मी विचारलं.

"कारण तिच्या हातातून ती कोण काढून घेईल, हे कायदा करणाऱ्याला माहीत होतं," वकीलबाई म्हणाली.

कुणी केला हा कायदा मला माहीत नाही, पण त्यानं आमची भावकी बघितलेली असावी.

मग ती म्हणाली, "आजी, आम्ही कोर्टात दावा लावलाय, त्याच्या उत्तरात तुमच्या पुतण्यानं लिहिलंय की ही तुमच्या घरी वैरण कापायला होती. दवाखान्याचा कागदही तेच बोलतो. आता सगळं तुमच्यावर आहे. तुमच्या गोठ्यात कडबाकुट्टी आहे का?"

"नाही."

"हे कोर्टात सांगाल?"

"बघू," मी म्हटलं. सख्खा पुतण्या आहे. आणि वकीलबाईलाही एवढ्यात खूश करायची मला गरज वाटली नाही.

खरं तर खोटं बोलायला माझी हरकत नव्हती. जमिनीच्या कामात मी दोनदा तलाठ्यासमोर खोटं बोललेले आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. माझी हरकत होती ती मूर्खासारखं खोटं बोलायला, आणि तेही न विचारता.

आठवडाभरानं सकाळी दारात टेंपो आला. त्यात गंजकी कडबाकुट्टी होती, शिरूरच्या बाजूनं कुठून तरी जुनी आणलेली, आणि वर कडब्याच्या पेंढ्या. सोबत पुतण्या आणि सल्लागार. चार माणसांनी ती उतरवून गोठ्यात म्हशीशेजारी ठेवली. सल्लागारानं मोबाइलवर फोटो काढले. म्हशीला फोटोत घ्यायला तो दोनदा मागं सरकला आणि दुसऱ्या वेळेला शेणात गेला. कडबा म्हशीनं आनंदानं खाल्ला. या सगळ्या प्रकरणात पहिला फायदा झाला तो तिचा.

त्याच आठवड्यात पुतण्याच्या घरी मला बोलावलं. भावकीतले दोघं-तिघं पुरुष खुर्च्यांवर बसले होते. धाकटी जाऊ, म्हणजे पुतण्याची आई, पदर डोळ्याला लावून तयारच होती. सल्लागार मध्ये.

"आजी, घाबरायचं नाही," तो म्हणाला. "मी समोरचा वकील आहे असं समजा. ही बाई तुमच्याकडे काय करत होती?"

"भाडं देत होती."

"ते नाही. वैरण कापत होती ना?"

"कसली?"

"कडबा."

"कडबा कुठून आणला?"

"काकी, तू उलटं इचारू नगं," पुतण्या म्हणाला. "तू नुसतं व्हय म्हन."

"नुसतं व्हय म्हणायला मला कशाला नेताय पुण्याला? म्हशीला न्या. ती मान हलवते."

एका पुरुषाला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं.

सल्लागारानं परत सुरू केलं. "मशिन किती वर्षं आहे तुमच्याकडे?"

"ते टेंपोवाल्याला विचारा. त्याचा नंबर तुमच्याकडं असेल."

"आजी, हे असं कोर्टात बोललात तर..."

"असंच बोलणार. मला दुसरं येत नाही. गोठ्यात काय आहे विचारलं तर सांगेन, मशिन आहे. कधी आली विचारलं तर सांगेन, तुम्ही शेणात पाय घातला त्या दिवशी."

जाऊ रडायला लागली. "आक्का, पोरगं बुडंल माजं. त्या परक्या बाईसाटी?"

"परकी बाई तुझ्या पोरानं कामाला ठेवली, मी नाही."

मग पुतण्या बोलला, आणि तेवढं बोलणं मात्र ऐकण्यासारखं होतं. तो म्हणाला, "काकी, मोटी कंपनी वर्साला भाव पाडून मागती. पत्रा म्हागला, वीज म्हागली, भाव तोच. दोन बटनं दाबत बसलो तर माल पुरा हुत न्हाई. माल पुरा न्हाई झाला तर दंड लावत्यात. आनि अपघात झाला हे त्यांना कळलं तर कामच काढून घेत्यात. मग ही समदी मानसं कुटं जातील? तुज्या खोल्या कोन घील?"

यातलं काही खोटं नव्हतं. कंपनीची तपासणीची माणसं वर्षातून एकदा येतात, ते मी बघितलं आहे. पिवळी टोपी घालून शेडमधून एक चक्कर मारतात, आग विझवायच्या वाळूच्या बादल्या मोजतात. त्या दिवशी रबरं सगळी काढून ठेवलेली असतात. मग धरणाकाठच्या रिसॉर्टवर जाऊन पुतण्याच्या खर्चानं मटण खातात. रबर कुणामुळं बांधलं जातं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, म्हणून ते बादल्या मोजतात. बोट तुटतं शेडमध्ये, कायदा येतो शेडवर, आणि कंपनीच्या गेटावर हिरवळ तशीच राहते. हे मला दिसत होतं. पण म्हणून माझ्या गोठ्यात कडबाकुट्टी येत नाही.

"मग विमा का नाही काढला?" मी विचारलं.

पुतण्यानं सल्लागाराकडं बघितलं. सल्लागारानं बॅगेकडं बघितलं.

"यांना महिन्याला देतोस, त्यातच बसला असता की," मी म्हटलं.

खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्यानं तोडगा काढला. भैरवनाथाच्या देवळात बाईला बोलवायचं, पंचांसमोर तिच्या हातात काहीतरी ठेवायचं, नारळ फोडायचा आणि मिटवायचं. "पूर्वीपासून असंच व्हतंय," तो म्हणाला.

पूर्वीचं मला माहीत आहे. माझ्या सासऱ्यांच्या सालगड्याला बैलानं शिंग मारलं होतं. बरा होईपर्यंत त्याला घरात जेवायला घातलं, देवळात नारळ फोडला, आणि पुढच्या वर्षी दुसरा गडी ठेवला. पूर्वी काही देव राहत नव्हते इथं. मी त्यांना सांगितलं, बाईच्या हातात दिलेलं कोर्ट धरत नाही, नारळ फोडून पुन्हा भरावं लागेल. त्यांनी सल्लागाराला विचारलं. त्यानं ते खरं असल्याचं असं सांगितलं जणू आत्ताच त्याला आठवलं. मी उठले आणि घरी आले.

दोन दिवसांनी पुतण्या एकटा आला. ओट्यावर बसला नाही.

"काकी, तू साक्षीला जानार?"

"बोलावलं तर जाणार."

"तुज्या खोल्यांचं पानी माज्या बोअरचं हाय, ध्येनात ठेव."

"ठेवलं," मी म्हटलं. "तूही ठेव."

दुसऱ्या सकाळी नळ कोरडे. त्यानं वॉल्व्ह बंद केला होता. मी टँकर सांगायचा विचार करत होते, पण गरज पडली नाही. पुतण्या एक गोष्ट विसरला होता. त्याच्या शेडमधली निम्मी माणसं माझ्याच खोल्यांत राहतात. ती सगळी टॉवेल, साबण आणि बादल्या घेऊन त्याच्या शेडच्या नळावर रांग लावून उभी राहिली. कामाची वेळ झाली, भोंगा वाजला, रांग तशीच. बिहारचा एक पोऱ्या अंगाला साबण लावून बसला होता, त्याला पुतण्या ओरडला तर तो म्हणाला, "साहब, साबुन तो धोने दो।" दुपारपर्यंत माझ्या नळाला पाणी आलं. कोर्टानं एवढ्या लवकर काही दिलेलं मी ऐकलेलं नाही.

कोर्टाची तारीख आली. वकीलबाईनं सांगितलं होतं तशी मी सकाळी बसनं निघाले. बाईही त्याच बसला होती. ती माझ्याशेजारी येऊन बसली, उजवा हात पदराखाली. पिरंगुटच्या घाटाच्या आधी कोंडी लागली आणि बस थांबली. तेव्हा ती हळूच म्हणाली, "मावशी, मला भ्या वाटायलंय. कडबाकुट्टी मीच म्हनले होते. जज्जानं इचारलं तर?"

"तर सांग की मीच म्हटलं."

"खोटारडी म्हनतील की."

"आहेसच. पण बोटं खरी गेली ना? तुझ्या गावची अक्कल आमच्या गावात वापरलीस, एवढीच तुझी चूक. आता रडू नकोस, लोक बघतात."

ती रडत नव्हती, पण रडायच्या बेतात होती, आणि मला बसमध्ये ते नको होतं.

पुण्यात गेल्यावर बाकावर बसून राहिलो. आमच्यासारखे किती तरी तिथं होते. कुणाचा पाय, कुणाचा डोळा, एक तरुण बाई नवऱ्याचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन बसली होती. समोरच्या बाकावर मालक लोक. चेहरे सगळे सारखे, जणू त्यांचंच काहीतरी तुटलं आहे. पुतण्या त्यांच्यात बसला होता. माझ्याकडं बघेना. त्याचा वकील आला, त्यानं त्याला विचारलं, "साक्षीदार आजी याच का?" आणि मग माझ्यापाशी येऊन गोड आवाजात म्हणाला, "आजी, प्रवास कसा झाला?"

"बरा झाला. गोठ्याचं केव्हा विचारणार?"

तो पुतण्याला घेऊन जिन्याच्या कोपऱ्यात गेला. सल्लागार त्या दिवशी आलाच नव्हता, त्याला दुसऱ्या शेडची तारीख होती. कोपऱ्यात बराच वेळ बोलणं चाललं. मग पुतण्याचा वकील वकीलबाईकडं गेला. मग त्या दोघांचं बोलणं. मला कुणी काही सांगेना. मी घरून चांगलं लुगडं नेसून, काय बोलायचं ते ठरवून गेले होते, आणि माझं नाव कुणी पुकारलंच नाही. शेवटी वकीलबाई येऊन म्हणाली, "आजी, तुमची साक्ष नको आता. बाई त्यांच्याकडे कामाला होती आणि कामावर लागलं, हे त्यांनी मान्य केलंय. भरपाई कोर्टात भरतात."

"मग मला कशाला आणलं?"

"तुम्ही आलात म्हणूनच."

असलं बोलणं मला आवडत नाही. माणसाला काम सांगायचं आणि करू द्यायचं नाही.

आत जज्जसाहेबांसमोर सगळं वाचून दाखवलं. बाईला विचारलं, समजलं का, कुणाची बळजबरी नाही ना. ती मान हलवत होती. सही करायला कागद पुढं केला. तिनं सवयीनं उजवा हात पुढं केला, मग डाव्या हातात पेन धरून बघितलं, नुसती रेघ ओढली गेली. कारकुनानं शाईचं पॅड सरकवलं. सातवी शिकलेल्या बाईनं अंगठा लावला. पुतण्या बघत होता. तेव्हा पहिल्यांदा त्याची मान खाली गेलेली मी बघितली. लगेच वरही आली, त्याचं मी फार काही मानत नाही.

सगळं झालं असं वाटलं, तेवढ्यात बाई बोलली. मऊच बोलली, पण साहेबांसमोर बोलली.

"दादा, मला परत कामावर घेतावं का? प्रेसवर नको. माल बघायला, खराब निघाला का चांगला. ते डोळ्याचं काम हाय. पर मस्टरवर नाव घालून."

वकीलबाईसुद्धा तिच्याकडं बघत राहिली. हे ठरलेलं नव्हतं. पुतण्यानं वकिलाकडं बघितलं, वकिलानं घड्याळाकडं. साहेब चष्म्यावरून पुतण्याकडं बघत राहिले. त्यांना तसा हुकूम करता येत नव्हता म्हणे, पण बघायला कुणाची बंदी नव्हती.

"घेतो," पुतण्या म्हणाला. "आज हितं कबूल करतो."

त्यानं घेतलंही. मस्टरवर नाव, सगळ्यांचीच नावं, वर्गणी, आणि कागद बघणारा दुसरा माणूस. रबरं निघाली. माल कमी निघायला लागला, तेव्हा त्यानं कंपनीला भाव वाढवून मागितला. एवढी वर्षं जे मागायला घाबरत होता, ते त्यांनी अर्धंमुर्धं देऊनही टाकलं. अर्ध्यासाठी तो अजून रडतो, आणि एक प्रेस त्याला विकावी लागली हेही खरं. पण बुडाला नाही. आता तो पिरंगुटच्या दुसऱ्या शेडवाल्यांना विम्याचं महत्त्व सांगत फिरतो, आणि तपासणीची माणसं आली की बाईला पुढं करून म्हणतो, "आमी मानसं सांभाळतो." ती मुकाट्यानं उभी राहते. माझ्याशी त्याची आई अजून बोलत नाही, त्यामुळं माझी दुपारची झोप चांगली होते.

पण मला सांगायची आहे ती त्या दिवशीची परतीची बस. मला बाईचा संताप आला होता. एवढी कोर्टाची पायरी चढलो, मी भावकीत वाईट झाले, आणि ही शेवटी त्याच्याच दारात हात जोडून उभी. चांदणी चौक येईपर्यंत मी दम धरला. मग म्हटलं, "लाज नाही वाटली? शेडा काय कमी आहेत का? पुन्हा त्याच्याकडंच?"

ती म्हणाली, "मावशी, समद्या शेडा सारख्याच. मानसाला लागलं की मालकाला द्यावं लागतंय, हे यांना आता कळलंय. ज्याला अजून कळलं न्हाई त्याच्याकडं कशाला जाऊ? आता उरलेल्या हातानं त्याला शिकवू का?"

मी तिला म्हटलं, ऊठ, मला खिडकीकडं बसायचं आहे.